मुंबईची वेळ साधायची कशी

मुंबईतल्या जागा सगळ्यांना माहीत असतात. मरीन ड्राइव्ह कुठे आणि जुहूला कसं जायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही. तरी तिथे गेलेला माणूस पुष्कळदा हिरमुसून परततो. समुद्र लांब मागे सरलेला, सूर्य डोंगरामागे गेलेला, आणि वडा तासाभरापूर्वीचा. अशा वेळी जागा बरोबर असते आणि वेळ चुकलेली असते. या शहरात तिथी, ऊन आणि गर्दी अशी तीन घड्याळं एकाच वेळी चालू असतात. ती वाचायला शिकलं की वेगळी सुटी न काढता, कामावर जातायेता, पन्नास-शंभर रुपयांत खूप काही पदरात पडतं. पुढे त्याचाच हिशोब दिला आहे.

तिथीवरून समुद्र ओळखणं

कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आडाखा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. आज चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती पहाटे तीनला आणि पुन्हा दुपारी साडेतीनच्या आत-बाहेर. दशमीला साडेसात. अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधराव्या, म्हणून सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते.

यामागचं कारण सोपं आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, त्यामुळे भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. आडाख्यात अर्धा-पाऊण तासाची चूक धरून चालावं, कारण तिथी दिवसाच्या मध्येच बदलते आणि सगळ्या तिथ्या सारख्या लांबीच्या नसतात. सूर्योदयाला जी तिथी कॅलेंडरवर छापलेली असते ती घ्यावी, म्हणजे घोळ होत नाही. होडी पकडायची असेल किंवा खडकांवर उतरायचं असेल तेव्हा मात्र आडाख्यावर विसंबू नये. त्या दिवसाची भरती-ओहोटीची छापील वेळ पाहूनच निघावं.

आता यातून जे निघतं ते मुंबईकराच्या फार उपयोगाचं आहे. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत उधाण असतं, म्हणजे पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खालीही जातं. त्या दिवसांत भरती दुपारी बारा ते दीडच्या सुमारास येते आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाच ते साडेसातच्या दरम्यान. म्हणून जुहूला किंवा वर्सोव्याला संध्याकाळी चालायला जायचं तर पौर्णिमा किंवा अमावास्या धरावी. रेती भरपूर मोकळी होते, ओली रेती आरशासारखी चमकते आणि मावळतीचा रंग पायांखाली उतरतो. अष्टमीच्या संध्याकाळी त्याच जागी पाणी भरलेलं असतं आणि चालायला जेमतेम पट्टा उरतो.

पावसाळ्यात मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून उसळणाऱ्या लाटा पाहायच्या असतील तर हाच हिशोब उलटा लावायचा. ऑफिस सुटल्यावर सहा वाजता गेलं आणि लाटा दिसल्याच नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मोठ्या लाटांना उधाण लागतं आणि उधाणाची भरती दिवसा असते ती दुपारी. म्हणजे जेवणाच्या सुटीत जायचं. साडेचार मीटरच्या वर भरती जाणार असलेल्या दिवसांची यादी महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. ती मोबाइलमध्ये ठेवावी. लाट कठड्याच्या आतल्या पदपथावरून, चार पावलं मागे राहून पाहायची. कठड्यापलीकडच्या टेट्रापॉडवर उतरू नये. त्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर शेवाळ असतं आणि त्यांच्यामधल्या फटीत पडलेल्या माणसाला वर काढणं फार कठीण जातं. छत्री नेऊ नका, वारा ती पहिल्या मिनिटातच उलटी करतो. रेनकोट आणि फोनसाठी प्लास्टिकची पिशवी पुरे.

ओहोटीला वांद्र्याच्या बँडस्टँडजवळ आणि कार्टर रोडला खडक उघडे पडतात. त्यांच्यातल्या डबक्यांत शंखात राहणारे खेकडे, समुद्रफुलं, छोटे मासे शांत बसलं की दिसू लागतात. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोचायचं आणि पाणी वळलं की निघायचं. उशिरा गेलं तर पाणी पाठीमागून भरत येतं आणि परतीची वाट बंद होते. चपलांऐवजी खालून खाचा असलेले, मागे पट्टा असलेले सँडल घाला. दगड उलटला तर होता तसाच परत ठेवा, कारण त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात. जुलै ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखे जीव वाहून येतात. त्यांना मेलेले समजून हात लावू नये, वाळूत पडल्यावरही त्यांचे धागे डंख करतात.

फ्लेमिंगो पाहायचे असतील तर तिथी आणि ऊन दोन्ही जुळवावी लागतात. ते साधारण नोव्हेंबर ते मे इथे असतात. शिवडीच्या जेट्टीसमोर ओहोटीला चिखल इतका दूरवर उघडा पडतो की पक्षी गुलाबी ठिपक्यांएवढे दिसतात. पाणी चढू लागलं की ते चरत चरत किनाऱ्याकडे ढकलले जातात, म्हणून पूर्ण भरतीच्या तीन तास आधी पोचावं आणि तास-दीड तास उरला की परतावं. जेट्टीवरून खाडी पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी ऊन तोंडावर येतं आणि पक्षी काळे दिसतात. दुपारनंतर ऊन पाठीशी असतं आणि खरा गुलाबी रंग दिसतो. दोन्ही अटी एकत्र केल्या तर षष्ठी ते अष्टमी हे दिवस निघतात: भरती साडेचार ते सहा, तुम्ही जेट्टीवर दीड ते तीनच्या दरम्यान. हार्बर मार्गावर शिवडीला उतरून पूर्वेकडून चालत पंधरा-वीस मिनिटं. रस्त्यावर ट्रक फार, लहान मुलाचा हात सोडू नये. डोळ्यांना लावायची दुर्बीण हवीच, ८ बाय ४० म्हणजे आठपट मोठं दाखवणारी पुरते.

सूर्यास्त कुठून

मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या ठोक्याला मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास. हा सव्वा-दीड तासाचा फरक बहुतेकांना आठवतो. सूर्य मावळण्याची जागाही वर्षभर सरकते, ते मात्र विसरलं जातं. थंडीत तो पश्चिमेच्या बराच डावीकडे, नैर्ऋत्येकडे उतरतो आणि मे-जूनमध्ये उजवीकडे, वायव्येला.

मरीन ड्राइव्हसारख्या वळणदार किनाऱ्यावर याचा मोठा परिणाम होतो. गिरगाव चौपाटीवरून समोर मलबार हिल येते, त्यामुळे तिथून सूर्य कोणत्याच महिन्यात पाण्यात बुडताना दिसत नाही. तो टेकडीवरच्या इमारतींमागे जातो. मरीन लाइन्स स्टेशनसमोरच्या पट्ट्यातून तो थंडीत समुद्रात मावळतो, उन्हाळ्यात टेकडीमागे. नरिमन पॉइंटच्या टोकावरून मात्र बाराही महिने पाणी मोकळं मिळतं. म्हणून मार्च ते सप्टेंबर टोकाला जावं, ऑक्टोबर ते फेब्रुवारी चर्चगेटहून सरळ समोर गेलं तरी चालतं. वरळी सी-फेस आणि वांद्र्याचं बँडस्टँड यांना ही अडचण नाही, तिथे समोर उघडा समुद्र आहे.

डिसेंबर-जानेवारीत हवा धुरकट असते आणि सूर्य क्षितिजाच्या वरच, धुरक्यात विरून जातो. त्या दिवसांत दिलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी बसलेलं असावं. सर्वांत चांगले रंग पाऊस ओसरतानाचे, सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात: हवा धुतलेली असते आणि वर विरळ ढग असतात. आणि सूर्य बुडाला की लगेच उठू नये. रंग पुढच्या दहा-वीस मिनिटांत चढतात, नेमकी तेव्हाच कठड्यावरची निम्मी माणसं निघून गेलेली असतात.

लोकलमधली जागा

पश्चिम रेल्वेवर उपनगरातून चर्चगेटला कामावर जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: सकाळी उजवी, संध्याकाळीही उजवी. सकाळी गाडी दक्षिणेला जाते, ऊन पूर्वेकडून म्हणजे डावीकडून येतं. संध्याकाळी ती उत्तरेला जाते, ऊन पश्चिमेकडून, म्हणजे पुन्हा डावीकडूनच. दोन्ही वेळा गाडीच्या तोंडाकडे पाहत असताना जी उजवी बाजू, तिथे सावली. कल्याणहून सीएसएमटीला येणाऱ्यांनाही हेच लागू पडतं. सकाळच्या उजव्या खिडकीचा आणखी एक लाभ आहे. वांद्रे आणि माहीमच्या मधे खाडीचं मुख तिकडे दिसतं, आणि चर्नी रोड ते मरीन लाइन्स या टप्प्यात जिमखान्यांच्या मैदानांपलीकडे समुद्राची निळी पट्टी. मान वर करायची ती या दोन जागी, तेवढं केलं तरी प्रवास वेगळा वाटतो.

वारा हवा असेल तर गाडीच्या दिशेला तोंड करून खिडकी घ्यावी. पाठमोऱ्या खिडकीत तो निम्माही लागत नाही. पावसात दोन्ही नियम फिरतात. मोसमी पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून सकाळी चर्चगेटकडे जाताना उजवीकडची माणसं भिजतात. तेव्हा डावी बाजू आणि पाठमोरी खिडकी घ्यावी. एसी लोकलच्या काचा बंद असतात, तिथे वाऱ्याचा प्रश्नच नाही, पण नुसतं बाहेर पाहायला त्या उत्तम.

ज्यांना नुसताच फेरफटका हवा आहे त्यांनी गर्दीच्या उलट जावं. सकाळी आठला चर्चगेटहून विरारकडे जाणाऱ्या गाडीत पाय पसरून बसता येतं. भाईंदर सुटलं की खाडीचा लांब पूल लागतो, मधे पाणजू बेट दिसतं, आणि नायगावच्या बाजूला खारफुटी. रविवारी ही हौस सकाळीच उरकून घ्यावी. देखभालीसाठी बहुतेक रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि दहा-अकरा ते तीन-चार या वेळात गाड्या कमी होऊन गर्दी एकवटते.

बसमधली मजा हवी असेल तर सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापर्यंत जाणारी ११५ क्रमांकाची दुमजली एसी बस. वरच्या मजल्यावर सगळ्यांत पुढचं बाक मिळवायचं तर सुरुवातीच्या थांब्यावर, दुपारी दोन ते चारच्या वेळेत चढावं. मे २०२५ पासून एसी बसचं किमान भाडं १२ रुपये आहे. सुटे हातात ठेवा.

पाच मिनिटांची होडी

गेटवेहून मांडव्याला जाणं ही सहल झाली. रोजच्या आनंदासाठी वर्सोवा ते मढ ही फेरीबोट चांगली. मेट्रोने वर्सोवा स्टेशनला उतरायचं, रिक्षाने जेट्टीवर जायचं, वाटेत कोळीवाडा लागतो. होडी पाचेक मिनिटांत मढला पोचवते, शेजारी मोटरसायकलीही चढतात. मढ जेट्टीवरून २७१ क्रमांकाची बस मालाड स्टेशनला आणते, म्हणजे आल्या वाटेने परत यावं लागत नाही. दोन-अडीच तासांत सगळं होतं. ऑक्टोबर ते मे या काळात दोन्ही काठांवर आडव्या बांबूंवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. ते कुणाच्या तरी घरची मिळकत असते, फोटो काढण्याआधी विचारावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि काठावर जाळी दुरुस्त करणारे भेटतात. वादळी हवेत फेरी बंद राहते.

यापेक्षा लांबचं पाणी हवं तर भाऊचा धक्का ते उरणजवळचं मोरा. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, ही मात्र हवा बरी असेल तेव्हा पावसातही सुटते. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे ओहोटी न पाहता जाणं. मोरा बंदरात गाळ साचलेला आहे, उधाणाच्या दिवसांत ओहोटीला लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि सेवा काही तास थांबते. उधाण कधी आणि त्याची ओहोटी किती वाजता, हे आता तुम्हाला तिथीवरून काढता येईल: त्या दिवशी संध्याकाळी परतायचं ठरवूच नये. थंडीत कुरव पक्षी लाँचमागे उडत येतात. लोक त्यांना गाठी-शेव फेकतात. ते तळलेलं, खारट खाणं त्यांच्या पोटाचं नाही. नुसतं पाहावं.

घाणा, ब्रून आणि सोनचाफा

वडापाव कुठला चांगला, यावर मुंबईत एकमत होणार नाही. कढईतून निघून पाच मिनिटांच्या आत खाल्लेला वडा मात्र कुठलाही चांगलाच लागतो. गाडीवर गेल्यावर आधी परातीकडे पाहा. वडे ढीग करून ठेवलेले असतील आणि खालचे मऊ पडून चपटे झाले असतील तर थांबा आणि विचारा, "पुढचा घाणा किती वेळात?" बहुधा दहा मिनिटांत निघतो. वाफ आत कोंडली की बेसनाचं आवरण ओलं होतं, त्यामुळे पार्सल घेतलेला वडा कधीच तसा लागत नाही. न्यायचाच तर वडा आणि पाव वेगळे बांधून, कागदाचं तोंड उघडं ठेवून न्यावा. कढईत तरंगणारा बेसनाचा चुरा मागून घ्या. सुक्या लसणीच्या चटणीबरोबर तो पावात घातला की वडा नसला तरी चालतो.

इराण्याकडचा ब्रून मस्का सकाळचाच. ब्रून या पावाच्या पिठात तूप-लोणी जवळजवळ नसतं, म्हणून त्याचं कवच कडक आणि आत पोकळ-मऊ. तेच कवच मुंबईच्या दमट हवेत काही तासांत ओलावा ओढून चिवट होतं, पावसाळ्यात तर आणखी लवकर. दुपारी चारला ब्रून मागून तो रबरासारखा लागला तर दोष भट्टीला देऊ नये. त्या वेळी मऊ, किंचित गोड बन मस्का मागवावा. ब्रून आडवा कापून, लोणी कडेपर्यंत लावून घ्यायचा आणि तुकडा चहात दोन-तीन सेकंदच बुडवायचा: आतला भाग चहा पितो, कवच टिकतं. धोबीतलावचं १९०४ सालचं कयानी यासाठी सोयीचं आहे. मरीन लाइन्सहून चालत पाच-सात मिनिटं.

दादरचा फूलबाजार स्टेशनच्या पश्चिमेला, पुलाखाली, पहाटे चारपासून भरतो. पाच ते सात ही खरी वेळ: माल ताजा आणि चालायला थोडी जागा. आठनंतर लोकलची गर्दी त्यात मिसळते. दसरा-दिवाळीच्या आदल्या दिवशी जाऊ नये, भाव चढलेले असतात आणि धक्के खावे लागतात. घरासाठी घ्यायचा असेल तर वसईकडून येणारा सोनचाफा घ्या, पाच-सहा फुलं पुरतात. अर्धवट मिटलेली, देठ हिरवा असलेली निवडावीत. पूर्ण उमललेली दुपारपर्यंत तपकिरी पडतात. वर्तमानपत्रात गुंडाळली तर कागद ओल शोषून घेतो आणि पाकळ्या सुकतात, म्हणून ओला रुमाल घातलेला स्टीलचा डबा बरोबर न्यावा. ऑफिसच्या टेबलावर पाण्याच्या वाटीत एक फूल ठेवलं तरी दिवसभर वास दरवळतो.

पहिल्या पावसानंतर स्टेशनबाहेर

मेअखेरीस बोरिवली, ठाणे, कल्याणच्या स्टेशनांबाहेर आदिवासी बाया करवंदं आणि जांभळं घेऊन बसतात, पानाच्या द्रोणात मापून देतात. पहिले दोन-तीन पाऊस झाले की त्याच जागी रानभाज्या येतात: शेवळं, टाकळा, फोडशी, मग भारंगी आणि कंटोली. सकाळी नऊच्या आत जावं. टाकळ्याची पानं कोवळी असतानाच घ्यायची, आठ-दहा दिवसांत ती जून होतात आणि कडवटपणा वाढतो. फोडशीच्या प्रत्येक पातीतला मधला पांढरा दांडा ओढून काढावा, नाहीतर भाजी चरबरीत होते. माती फार असते, तीन पाणी धुवा.

शेवळं विकत घेणारे पुष्कळ, ती नीट करणारे कमी. वरचं तपकिरी पान सोलल्यावर आत दांडा दिसतो, त्याच्या बुडाशी पिवळा भाग असतो. तो पूर्ण कापून टाकायचा, घशाला खाज आणणारा हाच. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. एका जुडीला आठ-दहा काकडं लागतात. ही हिरवी आंबट फळं शेवळं विकणारीजवळच मिळतात. ठेचून, बी काढून, पाण्यात कोळून तो रस भाजीत घालायचा. काकडं संपली असतील तर लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ चालतो. आंबट न घालता केलेली भाजी कितीही शिजवली तरी घसा धरते. भिजवलेली चण्याची डाळ, ओलं खोबरं, आणि घरी खात असतील तर सोडे (सुकी कोळंबी) घालून ती मंद आचेवर वीसेक मिनिटं शिजवावी. पहिल्यांदा करत असाल तर विकणाऱ्या मावशींनाच विचारा, "पिवळा भाग कुठपर्यंत काढू?" त्या जुडीतलं एक शेवळ सोलून दाखवतात.